खोपा कुणी विणला?

सर्जेराव इनामदारांनी स्त्रीपुरुषांच्या आकर्षणावरचं एक जाडजूड पुस्तक वाचलं, आणि तेव्हापासून मुली बघायला गेले की ते तिथंही ज्ञान पाजळायचे. गोदानं पोह्यांची बशी पुढ्यात ठेवली, तसं त्यांनी तिला चालून दाखवायला लावलं, वेणी सोडायला लावली आणि तिच्या वडिलांना म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका, केरूनाना. हा निसर्गाचा नियम आहे. नर रूप बघतो, मादी घर बघते. माझा दुमजली बंगला बघून नाही म्हणणारी अजून जन्मायची आहे."

केरूनाना इनामदारांचीच जमीन कसत होते. ते नुसती मान डोलवत राहिले.

गोदा मात्र वेणी घालता घालता म्हणाली, "खरं आहे. आमच्या विहिरीवर सुगरण पक्षी खोपे विणतात. नर अर्धा खोपा विणतो आणि मादीला बोलावतो. ती आत शिरून नीट पारखते. पटला तरच राहते."

"हेच तर सांगतोय मी," सर्जेराव खुलले.

"मग बंगल्यातलं तुम्ही काय बांधलंत?"

"मी कशाला बांधू? सगळा बंगला आजोबांनी बांधलाय."

"मग आजोबांचं स्थळ चांगलं होतं," गोदानं त्यांच्या पुढ्यातली बशी उचलली. "तुम्ही कशाला आलात?"