आठ कॉइनचा संघ

कुलथेशेठांच्या हातात एकदा माइक आला की तो सुटत नसे. इचलकरंजीतल्या व्हिडिओ-गेम स्पर्धेचे प्रायोजकही तेच. अंतिम सामन्याआधी त्यांनी आपला फोन मोठ्या पडद्याला जोडला आणि अंदाज बांधायच्या ॲपवरचे भाव सगळ्यांना दाखवले. ज्या संघाचा शेअर घेतला तो जिंकला, की शेअरमागे शंभर कॉइन मिळत; हरला, तर काहीच नाही. पुण्याच्या संघाचा शेअर होता ब्याण्णवला, शबनम मुजावरच्या इचलकरंजी संघाचा आठला.

"बाजार कधी चुकत नाही!" शेठ गरजले. "पुणं जिंकल्यात जमा आहे. खेळायचं कशाला? करंडक देऊन टाकू आणि जेवायला जाऊ!"

संयोजकांनी लगेच माना डोलावल्या. सहा महिने सराव केलेली शबनम उठली.

"शेठ, पुण्याचे शेअर तुम्ही घेतलेत?"

"पाचशे! ब्याण्णवच्या भावानं."

"एवढी खात्री आहे, तर शंभरला घ्या की."

"खुळी का काय? शंभरला घेऊन मला सुटणार काय?"

"म्हणजे आम्ही जिंकायची भीती आहे, म्हणून तुम्हाला शेअरमागे आठ कॉइन सुटतात. आमच्या जिवावर कमवताय, अन् आम्हालाच खेळू देत नाही?"

हॉलभर हशा पिकला. "बरं बरं, खेळा!" म्हणत शेठ मान खाली घालून फोनवर बोट फिरवू लागले.

फोन अजून पडद्याला जोडलेला होता, हे ते विसरले. साऱ्या हॉलनं वाचलं: 'खरेदी पूर्ण. इचलकरंजी, पन्नास शेअर.'