वळकटीची लाज

घरोघरी सुंभाच्या बाजा होत्या, तेव्हाची गोष्ट. एक वळकटी धर्मशाळेत मुक्काम करून घरी परतली, तेव्हा तिच्या शिवणीत दोन ढेकूण शिरले होते. सांगितलं तर सगळे घाणेरडी म्हणतील, म्हणून ती गप्प बसली. जनाक्काने तिला बाजेवर अंथरलं आणि बाळाला निजवलं.

पंधरा दिवसांत बाळाच्या अंगभर गांधी उठल्या. "मेली ही जुनी बाजच ढेकणांनी भरलीय!" म्हणत जनाक्काने बाज अंगणात ओढली आणि तिच्यावर कढत पाणी ओतलं.

तेव्हा कुठे वळकटी रडत म्हणाली, "बाजकाकू, ते ढेकूण मी आणले."

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," बाज म्हणाली. "तुझी लाज राखायला मीही गप्प बसले. आणि चावून घेतलं ते बाळाने."