वळणावरची हाक

डोंगराच्या पोटाशी एक वाडी होती. वाडीत माणसांपेक्षा म्हशी जास्त. त्याच वाडीत बिरू नावाचा एक जवान गडी सायकल चालवायचा. साधी नव्हे, डोंगरातून पळवायची, जाड टायरांची. वरच्या पठारावरून वाडीपर्यंत एक पायवाट उतरत होती. सुटे दगड, झाडांची मुळं आणि सात आंधळी वळणं. त्या वाटेने बिरू असा खाली यायचा, की बघणाऱ्याने डोळे मिटून घ्यावेत.

अडचण एकच होती. त्याच वाटेने वाडीची गुरंही चरायला जायची. वळणापलीकडे म्हैस आडवी उभी असली, तर म्हशीचंही कल्याण आणि बिरूचंही. म्हणून वाडीने एक रीत पाडली होती. बिरू सरावाला वर गेला, की ज्याला जमेल तो एकेका वळणावर जाऊन उभा राही. पुढची वाट रिकामी दिसली, की ओरडे, "मोकळीऽऽ!" हाक आली की बिरू ब्रेकला बोट लावत नसे. हाक नाही आली, तर थांबायचं. नऊ वर्षं असंच चाललं. सगळ्यात वाईट वळण खिंडीतलं. तिथे त्याची आत्या, सगुणा, उभी राहायची. तव्यावरची भाकरी तशीच टाकून यायची.

बिरू जिल्ह्यात जिंकला, मग राज्यात जिंकला. पण नुसत्या ढालींवर खेळाडू जगत नाही. चांगली सायकल, प्रशिक्षक, परदेशातल्या शर्यती, हे सगळं कोणी स्पॉन्सर मिळाला तरच. बिरूने कंपन्यांना पत्रं लिहिली, व्हिडिओ पाठवले. दोन वर्षं कोणी हूं की चूं केलं नाही. शेवटी एका मोठ्या कंपनीच्या मॅडम कॅमेरे घेऊन वाडीत आल्या.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. हाकेची गोष्टही ऐकली. मग म्हणाल्या, "छान आहे. पण लोकांना एकटा लढणारा माणूस आवडतो. तू असं सांग, की तुझ्या पाठीशी कोणी नव्हतं."

बिरूने मान खाली घातली. थोडा वेळ पायाने माती उकरली. मग कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, "माझ्या पाठीशी कोणी नव्हतं. मी आणि डोंगर, बस्स."

हे वाक्य तीनदा घेतलं. तिसऱ्या वेळी तर त्याच्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. माणूस किती लवकर शिकतो! कॅमेऱ्यामागे, दहा पावलांवर, सगुणाआत्या सगळ्यांसाठी चहा घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं. मग एकेकाला विचारून चहा दिला, बिरूलाही दिला.

ती फिल्म खूप चालली. कंपनीने मग त्याच डोंगरावर, त्याच वाटेवर मोठी शर्यत ठेवली. मॅडम म्हणाल्या, "जिंकलास तर तीन वर्षांचा करार. दरमहा पगार, परदेशात सराव, दुसरं काही काम करायचं नाही. नाही जिंकलास, तर बघू."

घरच्या वाटेवर हरायची भीती बिरूला नव्हतीच. त्याला धास्ती वेगळीच होती. शर्यतीला कॅमेरे असणार, आणि वळणावळणावर वाडीची माणसं त्याच्यासाठी घसा फोडणार. मग एकट्याच्या त्या गोष्टीचं काय होणार? आदल्या दिवशी दुपारी तो आत्याकडे गेला.

"आत्ये, उद्या वळणावर कुनी थांबू नगा. समद्यांना सांग."

"मग तुला कळायचं कसं?"

"मला वाट पाठ हाय. कॅमेरं असत्यात, बरं दिसत न्हाई."

आत्या भाकरी थापत होती. तिचे हात थांबले नाहीत. "बरं," ती म्हणाली. "तुझं भलं हू दे."

शर्यतीत एकेकाला वेळ लावून सोडत होते. बिरू शेवटचा. आयोजकांनी वाटेच्या दोन्ही टोकांना फिती बांधल्या होत्या. फितीला म्हैस जुमानत नाही, हे बाहेरच्या खेळाडूंना ठाऊक नव्हतं. बिरूला होतं.

पहिलं वळण आलं. हाक आली नाही. बोटांनी आपसूक ब्रेक दाबले. वळण घेऊन बघतो, तर वाट रिकामी. त्याने स्वतःला शिवी हासडली आणि जोर लावला. दुसऱ्या वळणावर पुन्हा तेच. हाक येणार नाही हे त्याला माहीत होतं, त्यानेच ती बंद केली होती. पण बोटांना ते कोण सांगणार? परक्या डोंगरावर असं कधी झालं नव्हतं, कारण तिथे कान कुणाची वाट बघत नसत. इथे नऊ वर्षांची सवय होती. खिंडीतल्या वळणावर तर तो जवळजवळ उभाच राहिला. पलीकडे साधं शेरडूही नव्हतं.

तो चौथा आला.

मॅडम फार सभ्य बाई. त्यांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं, "पुढच्या वेळी," म्हणाल्या आणि गाडीत बसल्या. पुढची वेळ काही आली नाही. दोन महिन्यांत कंपनीची नवी फिल्म आली. डोंगर दुसरा, खेळाडू दुसरा, वाक्य तेच. माझ्या पाठीशी कोणी नव्हतं.

शर्यतीच्या संध्याकाळी बिरू आत्याच्या दारात येऊन बसला. गोठ्यात म्हशी भुकेने हंबरत होत्या.

"आज गुरं सोडली न्हाईत व्हय?" त्याने विचारलं.

"न्हाई. कुनीच सोडली न्हाईत. तू हाक नगं म्हनलास. मग म्हनलं, वाट तरी मोकळी ठिवावी. समद्या वाडीची गुरं सकाळधरनं बांधून हायती."

बिरूने गोठ्याकडे बघितलं. "म्हंजी... समदी वाट मोकळी व्हती?"

"व्हती की," आत्या उठत म्हणाली. तिने वैरणीची पेंढी उचलली. "तुला सांगाया कुनी नव्हतं, एवढंच."

तात्पर्य: ज्यांच्या आधाराने आपण मोठे झालो, त्यांना चारचौघांत नाकारू नये. ते सूड घेत नाहीत, आपण सांगितलं म्हणून मुकाट बाजूला होतात. आणि मग मोकळ्या वाटेवरही आपलाच पाय पुढे पडत नाही.