शिंगाचं जनावर

“हे शिंग ज्या जनावराच्या डोक्यावर उगवलं, ते जनावर उद्या सकाळी दरबारात हजर कर! नाहीतर शिंग वितळवून मी आंघोळीचं घंगाळ करून घेईन!”

आंबेगडचे भैरोजीराजे असे कडाडले आणि म्हाताऱ्या हैबतीच्या पायांखालची जमीनच सरकली. हैबती गडाच्या दरवाजावर शिंग फुंकायचा. पाहुणा आला, फुंक शिंग. राजांची स्वारी निघाली, फुंक शिंग. त्याच्या बापाने, आज्ज्याने हेच केलं. आज दुपारी मात्र त्याने शिंग फुंकलं आणि राजांची ऐन रंगात आलेली वामकुक्षी मोडली. झोपमोड झालेल्या राजापुढे शहाण्याने उभं राहू नये, पण चाकराने जायचं कुठे?

राजांनी शिंग उलटसुलट करून पाहिलं. “हे तर तांबं! तांब्याची शिंगं कोणत्या जनावराला येतात रे?”

“म्हाराज, समदीच याला शिंग म्हंत्यात...”

“सगळे म्हणतात ना? मग जनावर असणारच! घेऊन ये!”

दिवाणजींनी मान डोलावली. ती त्यांची कायमचीच सवय होती.

हैबती घरी येऊन डोक्याला हात लावून बसला. शिंग गेलं की चाकरी गेली, आणि चाकरीपेक्षाही त्याला शिंगाचंच वाईट वाटत होतं. बापाने फुंकलेलं ते शिंग आता राजाच्या आंघोळीचं पाणी भरून ठेवणार! त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

सून भिवरा भाकरी थापत होती. सगळं ऐकून ती म्हणाली, “मामंजी, आदी जेवा. उद्या जनावर मी नेते.”

“कुठलं जनावर, पोरी?”

“तुमी निस्तं दाव्याचं टोक धरून दाराबाहेर उभं ऱ्हावा. मी खोकले की हिसका द्यायचा!”

सकाळी भिवरा डोईवर पदर घेऊन दरबारात आली. हातात दावं, आणि दाव्याचं दुसरं टोक दाराबाहेर भिंतीआड गेलेलं.

“आणलंस जनावर?” राजांनी विचारलं.

“आणलंय की! पर आत यीना.” भिवरा खोकली. दाव्याला असा हिसका बसला, की दिवाणजी चटकन खांबामागे गेले.

“का येत नाही?”

“भ्यालंय, म्हाराज. आत सिंह हाय म्हंतंय.”

“सिंह! कुठाय?” राजांनी दोन्ही पाय वर घेतले.

“तुमी बसलाय त्येच्यावरच की! समदी म्हंत्यात, म्हाराज सिंहासनावर बसत्यात. सिंह असल्याबिगर सिंहासन कसं व्हईल? आदी त्यो बांधा, मग माजं जनावर येतंय!”

“अगं खुळे, हे सागवान आहे, सागवान! माझ्या पणजोबांनी सुताराकडून करून घेतलं. सिंह नुसता नावात!”

“नक्की?”

“अगदी नक्की!”

“मग म्हाराज, तुमचा सिंह नावात ऱ्हातोय, तर आमची म्हसच तेवढी दारात का बोलावता? मामंजींचा पणजा म्हशीचं खरं शिंग फुंकायचा. पुढं तांबटानं तसाच बाक देऊन तांब्याचं घडवलं. म्हस गेली, नाव ऱ्हायलं!”

राजांनी भिवराकडे पाहिलं, मग वाकून सिंहासनाखाली पाहिलं, आणि एकदम असे खदाखदा हसले की जुनं लाकूड करकरलं.

“म्हाराज, उतरा!” भिवरा ओरडली. “गुरगुरतोय त्यो!”

आता तर राजांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. “पुरे, पोरी, पुरे! हैबतीला त्याचं शिंग द्या! आणि हिला आमच्या गोठ्यातली सगळ्यात दुभती म्हैस द्या, शिंगांसकट!”

भिवराने मुजरा केला आणि दारापाशी जाऊन मागे वळली.

“म्हाराज, हिची तरी शिंगं तांब्याची न्हाईत न्हवं?”