डाव्या हातावरचा गूळ

“तुम्हीच सांगा वस्ताद, उडी मारताना पोरींच्या मनगटांवर किती भार येतो?”

बाबालाल वस्ताद भिजवलेले हरभरे निथळवत होते.

“तू सांग. शिकून तू आलीस.”

“अंगाच्या वजनाच्या दुप्पट. कोलांट्यांत कधी त्याहून जास्त.”

कालिंदी याच व्यायामशाळेत उड्या मारत वाढली होती. सात वर्षं परदेशात शिकून, आघात मोजणारी पट्टी घेऊन ती परतली होती. आता तिला इथल्या पोरी घडवायच्या होत्या.

“पोरी माझ्या हाती देणार ना?”

“बघू.”

तिने पट्टी व्हॉल्टच्या टेबलावर अंथरली. एकेक पोर धावत आली, हात टेकवून पलीकडे गेली. जाई सगळ्यांत उंच गेली. रविवारी तिची निवड चाचणी होती.

“हिचे आकडे बघा, वस्ताद. दोन्ही हातांवर अगदी सारखा भार. हिची काळजीच नको.”

“यंत्र गोड बोलतं तुझं.”

पोरी खुदखुदल्या.

सराव संपला. रोजच्यासारख्या पोरी रांगेत उभ्या राहिल्या. वस्ताद एकेकीच्या तळहातावर मूठभर हरभरे आणि गुळाचा खडा ठेवू लागले.

जाईने डावा हात पुढे केला.

“उजवा कर गं,” कालिंदी म्हणाली. “वस्तादांपुढे डावा हात? आमच्या वेळी पाठीत धपाटा बसायचा.”

जाईने मान खाली घातली. हात मात्र बदलला नाही...

वस्तादही थांबले. ते जाईकडे बघत नव्हते, कालिंदीकडे बघत होते.

...

कालिंदी पुढे आली. तिने जाईचा उजवा हात हातात घेतला, मनगट अंगठ्याने हलकेच दाबलं. जाईने ओठ चावला.

“कधीपासून?”

“मंगळवारपासून. दुखलं तरी दोन्ही हात सारखेच टेकवते. रविवारपर्यंत कुणाला सांगू नका ना, ताई.”

“रविवारी तू बाकावर. मीही तुझ्या शेजारी. दोघी मिळून बाकीच्यांसाठी ओरडू.”

“तुमचा आवाज बसेल.”

“बसू दे.”

जाई डोळे पुसता पुसता हसली. वस्तादांनी तिच्या डाव्या तळहातावर गुळाचे दोन खडे ठेवले.

कालिंदीने टेबलावरची पट्टी गुंडाळली.

“कळलं, वस्ताद. पोरी काही मला मिळत नाहीत.”

वस्तादांनी गुळाचा डबा तिच्या हातात दिला.

“उद्यापासून हा तू वाटायचा.”