पहिल्या ओळीतले काडतूस

सह्याद्रीच्या खबदाडीत कोळवडे नावाचे एक चिमुकले संस्थान होते. इतके चिमुकले, की राजवाड्यात कुणी शिंकले तर वेशीवरचा पहारेकरी दचके. पण या संस्थानाला एक मोठे वेड होते, पिस्तुलाच्या नेमबाजीचे. दर दसऱ्याला शेजारच्या संस्थानाशी सामना होई. पंचवीस पावलांवर चांद, म्हणजे नेमाचे गोल निशाण, लावायचा, एकेक काडतूस घालून वीस बार काढायचे. ज्याच्या गोळ्या मधल्या काळ्या ठिपक्याला जास्त भिडतील, त्याचे संस्थान वर्षभर मिशीला पीळ देत फिरायचे.

या संस्थानाच्या शिलेखान्यात, म्हणजे हत्यारांच्या कोठारात, भागोजी नावाचा एक माणूस होता. उडालेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी नळ्या पुन्हा भरायच्या, हे त्याचे काम. शिसे वितळवून साच्यात गोळ्या ओतायच्या, नळीच्या बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, शिंगाच्या मापाने दारू घालायची आणि वरून गोळी दाबायची. सांगायला चार गोष्टी, पण त्या चार गोष्टींत त्याचे केस पिकले होते. विकतच्या काडतुसाचा धक्का मनगट उडवतो. भागोजी दारू थोडकीच घाली, त्यामुळे बार मऊ निघे आणि नेमबाजाचा हात जागचा हलत नसे.

थोडक्या दारूत एक धोका मात्र असतो. नळीत जागा उरते. तिथे चुकून दुसरे माप पडले तरी गोळी वरून बसतेच, आणि बाहेरून काडतूस इतरांसारखेच दिसते.

म्हणूनच भागोजीच्या उस्तादाने, बाबूमियां शिकलगाराने, त्याला तीन नियम घालून दिले होते. एकवीस काडतुसे भरायची तर एकवीस मापे दारू आधी वाटीत मोजून घ्यायची. शेवटच्या काडतुसाला वाटी रिकामी झाली पाहिजे. भरताना कुणी हाक मारली आणि उठावे लागले, तर सगळे ओतून पहिल्यापासून सुरुवात करायची. आणि तिसरा नियम सामन्याच्या मैदानावरचा होता. भरणाऱ्याने डोळे मिटून पेटीतले एक काडतूस उचलायचे आणि सगळ्यांदेखत स्वतःच्या हाताने उडवायचे. मगच पेटी नेमबाजाला द्यायची.

"आग दुसऱ्याच्या हातात द्यायची, तर आधी आपली बोटं पुढे करायची," उस्ताद म्हणे.

संस्थानाचा नेमबाज होता रायाजी, भागोजीच्या धाकट्या बहिणीचा, तानूचा नवरा. कमी बोलणारा, सरळ माणूस. भागोजीवर त्याचा इतका भरवसा, की काडतूस पिस्तुलात घालताना तो त्याच्याकडे बघतसुद्धा नसे.

त्या वर्षी शेजारच्यांनी विलायती पिस्तूल आणल्याची बातमी आली. मग आपले राजेसाहेब मागे कसे राहतील? त्यांनीही एक मागवले. शिंपल्याची मूठ, चांदीची वेलबुट्टी, सोबत विकतच्या काडतुसांची डबी. दरबारात सगळ्यांनी माना डोलावल्या. रायाजीने ते हातात घेतले, दोनदा उचलून नेम धरला आणि नम्रपणे परत ठेवले.

"सरकार, हत्यार देखणं आहे. पण माझ्या हातात बसत नाही. माझं जुनंच बरं."

"त्या जुनाट लोखंडावर संस्थानाची अब्रू टांगणार?" राजेसाहेबांनी विचारले.

"लोखंड जुनं आहे सरकार, पण रोज पुसलेलं आहे. आणि काडतुसं भागोजीदादांच्या हातची आहेत."

राजेसाहेब नाराज झाले, पण त्यांनी हट्ट सोडला. भागोजीची छाती मात्र इंचभर फुगली. भर दरबारात आपले नाव निघाले! माणसाला चढायला दारूच लागते असे थोडेच आहे?

खंडेनवमीचा दिवस उजाडला. भागोजीने सकाळीच दार लावून घेतले. एकवीस मापे वाटीत मोजली. सात-सातच्या तीन ओळींची लाकडी पेटी समोर ठेवली आणि एकेक काडतूस भरून तो ओळीने लावू लागला. पहिली ओळ झाली. दुसरी अर्ध्यात आली असेल नसेल, तोच दारावर थाप पडली. कारभारी नारोपंत आले होते.

"भागोजी, अरे दार उघड. तुझं नशीब उघडायला आलोय."

नियम आठवला, पण नशीब दारात उभे असताना माणूस दाराकडेच पाहतो. भागोजी माप हातात तसेच धरून बाहेर आला. आज दुपारी हत्यारांची मिरवणूक निघेल तेव्हा भागोजीने राजेसाहेबांच्या शेजारी चालायचे, आणि उद्या रायाजी जिंकला की भरदरबारी मानाची पगडी भागोजीच्या डोक्यावर चढायची, असे ठरल्याचे नारोपंतांनी सांगितले. शिलेखान्यातल्या माणसाला असा मान कोळवड्यात कधी मिळाला नव्हता. भागोजीने ते दोनदा वदवून घेतले. पगडीचा रंगही विचारला.

तो परत येऊन बसला तेव्हा पुढ्यातल्या नळीत दारू घातली होती की नव्हती, ते त्याला आठवेना. कान अजून पगडीच ऐकत होते. आत डोकावून बघायला काय लागत होते? पण इतक्या वर्षांत आपला हात चुकला नाही, तो आज कसा चुकेल, असे म्हणत त्याने माप ओतले, गोळी दाबली आणि पुढे गेला.

विसावे काडतूस भरले आणि वाटी रिकामी झाली. एकविसावे अजून बाकी होते.

भागोजी वाटीकडे बघत राहिला. एक माप कमी पडले याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळला असता. पहिल्या ओळीतली सात काडतुसे थाप पडण्याआधीची, ती निर्धोक. पण उरलेल्यांत एक असे होते, ज्याच्या पोटात दुप्पट आग होती. बाहेरून ओळखू येणार नव्हते. तोलून पाहावे, तर जुन्या नळ्यांचे आणि ओतीव गोळ्यांचे वजन मुळातच कमीजास्त. उपाय एकच होता. पुढच्या दोन्ही ओळी फोडायच्या आणि नव्याने भरायच्या. त्यात अख्खी दुपार गेली असती. मिरवणूक हुकली असती, आणि का हुकली हे चारचौघांत सांगावे लागले असते.

दार उघडले तेव्हा वारा आला असेल, त्याने दारू सांडली असेल, असे भागोजीने स्वतःला सांगितले. त्या दिवशी कोळवड्यात झाडाचे पान हलत नव्हते. त्याने बरणीतून आणखी एक माप घेतले, एकविसावे काडतूस भरले आणि पेटीचे झाकण लावले. मग तो आंघोळ करून, कोरे धोतर नेसून मिरवणुकीला गेला.

दसऱ्याला मैदान फुलून गेले होते. राजेसाहेब गादीवर, दोन्हीकडची माणसे दुतर्फा, बायका कनातीच्या सावलीत. तानूही तिथेच पुढे बसली होती. रिवाजाप्रमाणे भागोजी पेटी घेऊन मध्ये आला. झाकण उघडले. आता डोळे मिटायचे आणि हात घालायचा.

सकाळपासून त्याने मनाला पढवले होते की पेटीत काही नाही, सगळे भास आहेत. पण पेटीवर हात गेला आणि हाताने मनाचे ऐकले नाही. हाताला ठाऊक होते. भागोजीने डोळे मिटल्यासारखे केले, पापणीची बारीक फट ठेवली, आणि पहिल्या ओळीतले काडतूस उचलले.

पिस्तुलात घालून त्याने बार काढला. मऊ, गोड बार. लोकांनी वाहवा केली. भागोजीने पिस्तूल आणि पेटी रायाजीपुढे धरली.

"घ्या दाजी."

"तुम्ही दिलीत म्हणजे झालं, दादा," रायाजी म्हणाला.

पहिले सहा बार निघाले. सहाही ठिपक्यात. भागोजी सुखाने ऐकत होता, कारण ती ओळ त्याची ओळखीची होती. मग रायाजीचा हात दुसऱ्या ओळीकडे गेला आणि भागोजीच्या तोंडचे पाणी पळाले. खाई त्याला खवखवे. सातवा बार. ठीक. आठवा. ठीक. दर बाराला तो मनात म्हणे, पुढच्याला थांबवतो. दर बार सुखरूप निघाला की म्हणे, पाहिलेस, काही नव्हतेच. "थांबा" एवढा एक शब्द बोलायचा होता. तीन अक्षरेसुद्धा नाहीत. पण समोर राजेसाहेब बसले होते, आणि त्यांच्या शेजारी तबकात आंबा रंगाची पगडी ठेवलेली होती.

नववा. दहावा. दहाही गोळ्या ठिपक्यात.

अकरावा बार मऊ नव्हता.

धूर ओसरला तेव्हा रायाजी गुडघ्यांवर बसला होता. पिस्तूल मधोमध फाटले होते. उजव्या हाताची तीन बोटे गेली होती, आणि उरलेली असून नसल्यासारखी. तो ओरडला नाही. हाताकडे असा बघत होता, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. कनातीतून तानू धावत आली आणि तिने आपला पदर फाडून त्याच्या हाताला गुंडाळला.

राजेसाहेब उठून उभे राहिले. "मी सांगितलं होतं! जुनाट लोखंड! ऐकलं नाही यानं."

"जुनं हत्यार, फुटायचंच," नारोपंत म्हणाले. मग सगळे मैदान तेच म्हणू लागले. भागोजीकडे कुणी बोट दाखवले नाही. त्याचे काडतूस तर सगळ्यांदेखत उडाले होते. आणि त्या गर्दीतून रायाजी त्याला शोधत होता.

"दादा," तो पांढऱ्या ओठांनी म्हणाला, "तुमची काडतुसं सोन्यासारखी होती. माझीच निवड चुकली."

खरे बोलायची ही दुसरी वेळ दैवाने त्याला दिली होती. भागोजीने मान खाली घातली. लोकांना वाटले, मेहुण्याच्या दुःखाने घातली.

आठ दिवसांनी राजेसाहेबांनी त्याला पगडी दिलीच. सामना गेला, पण दहापैकी दहा गोळ्या ठिपक्यात लागलेल्या होत्या, त्यात भागोजीचा काय दोष? त्याने दोन्ही ओळींतली उरलेली काडतुसे दार लावून फोडली होती. प्रत्येकात एकेकच माप निघाले. म्हणजे दुप्पट दारूचे ते एक कुठे गेले, हे आता वाऱ्यावर ढकलायलाही जागा उरली नव्हती.

दरबारातून निघाला तो पगडीसकट बहिणीच्या घरी गेला. रायाजी आत झोपला होता. तानूने ओसरीवर पाट मांडला, पाण्याचा तांब्या ठेवला. पगडीकडे तिने पाहिले नाही.

"दादा," ती हलक्या आवाजात म्हणाली, "तू काडतूस उचललंस तेव्हा तुझे डोळे उघडे होते."

भागोजीने उचललेला तांब्या खाली ठेवला.

"मी पुढेच बसले होते. लहानपणी लपाछपीत तू असंच करायचास. पापणी थरथरते तुझी."

"तानू, मी... मी आत जाऊन सगळं सांगतो त्यांना."

ती उठून दाराच्या आडवी उभी राहिली.

"आता सांगून कुणाचं ओझं उतरेल? तुझं. त्यांचा हात गेला तो गेला. पडल्या पडल्या एकच गोष्ट म्हणतात, दादासारखा माणूस पाठीशी आहे. तेवढं तरी त्यांना राहू दे. सांगायचं होतं तेव्हा मैदानात सांगायचं होतंस. पाणी पी, आणि जा."

त्याने तांब्याला हात लावला नाही. तो तसाच उठला.

पुढे भागोजी पुष्कळ वर्षे जगला. अशा माणसांना आयुष्य भरपूर मिळते. त्याच्या हातून पुन्हा कधी चूक झाली नाही. हाक आली की तो सगळे ओतून पहिल्यापासून भरी, दारात राजा असला तरी. पण त्या वेळेचा एक शब्द काही त्याला मागे जाऊन बोलता आला नाही. दर दसऱ्याला रायाजी मैदानाच्या कडेला येऊन बसे, थोटा हात उपरण्यात झाकून. नवे नेमबाज पाया पडायला येत, तेव्हा तो त्यांना प्रेमाने सांगे, "पोरांनो, काडतुसं भागोजीदादांच्या हातचीच घ्या, डोळे मिटून घ्या. हत्यार मात्र जुनं वापरू नका. माझं चुकलं, तुमचं चुकू नये."

आणि शेजारी बसलेला भागोजी, डोक्यावर आंबा रंगाची पगडी घालून, दर वर्षी ते ऐकून घेई. त्याने पगडी उतरवली की रायाजीच विचारी, "दादा, मानाची पगडी का काढली?"

कोळवड्यात ही गोष्ट अजून सांगतात, आणि जुन्या हत्यारावर भरवसा ठेवू नये असे तिचे तात्पर्य काढतात. ते खोटे आहे.

तात्पर्य: चूक कुणाच्याही हातून होते, पण आपली शंका गिळून जो दुसऱ्याच्या हातात आग देतो, त्याला मग दुसऱ्याने दोष दिला नाही तरी ते भोगावेच लागते. शंका आली त्याच क्षणी बोलावे. नंतर सत्यसुद्धा कुणाच्या कामी येत नाही.