पिंपळाने ठेवून घेतलेली थरथर

एका राज्यात अशी रीत होती, की कुणी गादीवर बसले की दरबारच्या मांत्रिकाने त्याचे दुःख काढून रानात सोडून द्यायचे. रडका राजा न्याय काय करणार, असे शहाणे म्हणत. शहाण्यांचे काय जाते!

राणी शाल्मली वडिलांची चिता विझायच्या आत गादीवर बसली. मांत्रिक कालकेतूने तिचे आसू तळ्यात सोडले, थरथर पिंपळाला दिली आणि हंबरडा वाऱ्यावर उधळला. राणीचे डोळे कोरडे ठणठणीत झाले. पण त्या दिवसापासून तळे उसळू लागले, पिंपळ कापू लागला, वारा दारे आपटत फिरू लागला. कुणाचा डोळा लागेना. राणीचे तान्हे बाळ झोपेवाचून सुकत चालले आणि ती नुसत्या येरझाऱ्या घालीत राहिली. तिने तळ्याला बांध घातला, पिंपळ दोरांनी आवळला, महालाची गवाक्षे चिणून टाकली. दुखणे रेड्याला आणि डाग पखालीला, दुसरे काय!

शेवटी तळ्याकाठची टिटवी तिला म्हणाली, "राणी, या वाऱ्यात माझी अंडी उबत नाहीत. तुझे आहे ते परत घे."

"माझे काय आहे तुमच्यापाशी?"

"ओंजळभर पाणी पी, म्हणजे कळेल."

राणी प्यायली. पाणी खारट होते. तळे निवले आणि तिचे डोळे भरून आले. मग तिने दोर सोडून पिंपळाला मिठी मारली. पिंपळ शांत झाला, निदान तिला तसे वाटले. तिचे हातपाय मात्र लटलटा कापू लागले. राहिला वारा. टिटवी म्हणाली, की हंबरडा जिथे काढून घेतला तिथेच तोंड उघडावे लागेल.

म्हणजे भरदरबारात, गादीवर. राणीने गवाक्ष फोडायला सांगताच कालकेतू आडवा आला.

"रडणाऱ्याची गादी जाते. विचार कर."

राणीला गादी हवी होती. खोटे कशाला बोला? लहानपणापासून तिने दुसरे काही मागितलेच नव्हते. पण शेजारच्या दालनातून बाळाचे कण्हणे ऐकू येत होते.

"गेली तर जाऊ दे," ती म्हणाली.

गवाक्ष फुटले, वारा आत घुसला आणि "आबा" म्हणून राणीने हंबरडा फोडला. वारा तिथेच पडला. गादी सोड म्हणायला कुणी उठले नाही, कारण सगळा दरबार उपरण्याने डोळे पुशीत होता. कालकेतूने झोळी उचलून रानाची वाट धरली. बाळ झोपले. टिटवी अंड्यांवर बसली.

सांजेला राणी बाळाला खांद्यावर घेऊन पिंपळाखाली आली. वारा नव्हता, तरी शेंड्याची पाने हलत होती.

"थोडी राहिलीच की," टिटवी म्हणाली. "घेतेस?"

राणीने वर पाहिले.

"राहू दे. सगळे एकटीने पेलवत नाही."

तेव्हापासून त्या राज्यात आधी रडतात आणि मग गादीवर बसतात. आणि वारा पडला तरी पिंपळ हलतो, तेव्हा तिथली माणसे त्याला हात लावून पुढे जातात.